शेवटची चांदणी

५ जानेवारी २००४, एटापल्ली
पोहोचले एकदाची! चामोर्शीहून नोकरीसाठी निघताना अब्बा म्हणाले होते, चार दिवसांत रडत परत येशील. बघूच! लाकूड डेपोचे मालक गुणवंतराव यांना प्रत्येक ओंडक्यावर बारकोड हवाय, पण लेबलं छापायचं महागडं यंत्र नकोय. मी म्हटलं, नुसता फॉन्ट पुरे. वर्डमध्ये नंबर टाइप करायचा, आधी एक चांदणी, म्हणजे * ही खूण, शेवटी एक चांदणी, बारकोडचा फॉन्ट निवडायचा, की झाल्या काळ्या पट्ट्या. शेवटची चांदणी विसरलं तर मात्र स्कॅनर ढिम्म वाचत नाही. गुणवंतराव खूश. लेबलं चिकटवायला सोमारी आहे, इथलीच गोंड बाई, माझ्याच वयाची. दुपारी तिने डब्यातली अंबाडीची भाजी दिली.

८ जानेवारी
आज सोमारी अडून बसली. सागवानाच्या ढिगात साजाचा, म्हणजे ऐनाचा, एक ओंडका आलाय. म्हणाली, बाई, साजात आमचा देव रायते. त्याले निशाणी नाई लावत. जो लावते, त्याले थो देव निशाणी लावते. मी म्हटलं, कागदाने देवाचं काय बिघडतंय? मी हट्टच धरला. तिने डोळे मिटून चिकटवलं.
स्कॅन केलं, तर एक्सेलच्या चौकटीत नंबरच नाही. इंग्रजीत सोमारीचं नाव! हसले खरी, पण पुन्हा स्कॅन करून पाहिलं. तेच नाव.

९ जानेवारी
सोमारीच्या मनगटावरून काळ्या पट्ट्या वर चढतायत. माझ्याच फॉन्टच्या. साबणाने जात नाहीत. बोटं लाकडासारखी ताठ झालीत. गुणवंतराव म्हणाले, शाई असेल, आणि तू घाबरली असशील तर घरी जा. का जाऊ? हट्ट माझा आणि भोगायचं तिने? वा रे न्याय!

१० जानेवारी
लेबल खरवडून काढलं, तरी तिच्या पट्ट्या चढतच राहिल्या. मग दुसरं छापलं. त्यावर माझं नाव, अंजुम. आधीची चांदणी दिली. शेवटची मुद्दाम नाही दिली. स्वतःच्या हाताने साजावर चिकटवलं. घे, साजातल्या देवा. आता वाचून दाखव.

११ जानेवारी
सोमारीचा हात कोरा! दोघी रडलो. पट्ट्या आता माझ्या हातावर – कोपरापाशी थांबल्यात. चांदणी नाही ना. थांबणारच.

१२ जानेवारी
खांद्यापर्यंत. उजवी बोटं हलत नाहीत – डाव्या हाताने लिहितेय. सोमारी म्हणते, पळ बाई. नाही. रडत घरी जाणार नाही.
स्कॅनर वाजला. कुणी हातही लावला नव्हता –
खांद्यावर चांदणी उमटतेय. मी न दिलेली –
उमटू दे. माझं नाव तुझ्या पट्ट्यांत नाही, माझ्या अक्षरात राहील. पूर्ण लिहिते. अंजुम कय्यूम शे