खालच्या विहिरीचं पाणी

दादा, पाया पडतो.

आपलं पाणी खारट होतंय, हे आपण दोघं घसा कोरडा पडेपर्यंत सांगतोय आणि कुणी ऐकत नाही. मी इथं बरा आहे, काळजी नको. पण शेतीच्या पाण्यावर आधी कोणतं संशोधन व्हावं, हे काल आमच्या सरकारी समितीत ठरलं. विषयांच्या यादीत खारटपणा तळाला गेला. मी टेबलावर मूठ आपटली, तर अध्यक्ष हसले. "अहो, तुमच्याच गावच्या पाण्याचा नमुना गोड आलाय!"

गावाची लाज राखायला तुम्ही वरच्या विहिरीचं पाणी दिलंत ना? खालच्या पाण्याला गाय तोंड लावत नाही. वहिनी अजून तेच पितात? पायांची सूज उतरली का?

सोमवारी निर्णय कायम होईल. आजच खालच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून पाठवा.

तुमचा धाकटा