अडतीसचे एकसष्ट

रविवार, दिवेलागण

संतोषच्या, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या डोक्यात मी फावड्याचा दांडा घातला.

माझ्या हौशी रेडिओ केंद्राच्या एरियलच्या खांबाभोवती, कांद्याच्या वावरात, मी वीतभर खोल सोळा तांब्याच्या तारा पुरल्यात. तारा धड असल्या की जमीन माझ्या सिग्नलची ताकद कमी गिळते; किती गिळते, ते मी मीटरवर मोजतो. पंधरा दिवसांमागं अडतीस ओहम होते. आज एकसष्ट! जमीन जास्त गिळतेय, म्हणजे तारा तुटल्या. आणि वावरात कुदळ चालवतो कोण? हाच.

सरळ त्याची गचांडी धरली. "तारा का तोडल्यास?"

"दादा, म्या हात बी लावला न्हाई! कांदा काढणीला आलाय, धा दिस झालं पाणी बंद हाय, कुदळ कशाला घालू?"

दोनदा मारलं. दुसऱ्या फटक्याला कानामागून रक्ताची धार लागली. तो उलटून आला असता तर बरं झालं असतं, तो नुसता खाली बसला. त्याची बायको त्याला टाके घालायला शिरूरला घेऊन गेली. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग मी वेड्यासारखं उकरत सुटलो. सोळाच्या सोळा तारा धड. माती मात्र कोरडीठाक, फावडं मारलं की धूळ. ओली जमीन कमी गिळते, वाळली की आकडा चढतो. अडतीसचे एकसष्ट असेच झाले. हे मीच चारचौघांना शिकवत फिरतो.

धा दिस झालं पाणी बंद हाय. हे त्यानं दांडा बसायच्या आधी सांगितलं होतं.

आणि मी ते ऐकलं होतं.