सहा इस्त्र्या आणि एक नवरा

मी, डॉर्कस टर्पिन, वय साठीच्या आसपास, धंदा धुलाई व इस्त्री, राहणार पीटर्सबर्ग, व्हर्जिनिया, जन्मापासून मोकळी, कोणाची गुलाम नसलेली काळी बाई, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरात बसून सांगत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पाय सुजले आहेत आणि छातीत पाणी झाले आहे, पण त्या दोघांचे मृत्युपत्रात काही काम नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट आज मीच दोन साहेबांवर दडपण आणून त्यांना इथे बसवले आहे. ते कसे, ते पुढे येईल. याआधी केलेला कागद रद्द समजावा. तो का रद्द करावा लागला तेही येईल.

कलम एक. घर व मागचे अंगण माझी मुलगी लेटी हिला. जावयाचा हात लागणार नाही अशा शब्दांत हे लिहावे. जावई गोड बोलतो, पण त्याने कुठे कुठे सह्या करून ठेवल्या आहेत हे देवालाच माहीत.

कलम दोन. माझी जंगम मिळकत पुढीलप्रमाणे: कपडे उकळायचा तांब्याचा हंडा, लाकडी टब, सहा इस्त्र्या, खळीचे भांडे, आणि माझा नवरा एफ्रेम.

लिहून घेणारे अ‍ॅव्हरेटसाहेब वकील या नावापाशीही थांबले नाहीत. त्यांच्या लेखणीला काही वाटले नाही. मला वाटले, म्हणून मी पाणी मागितले. ते एफ्रेमनेच आणून दिले.

कलम तीन. हंडा, टब, इस्त्र्या लेटीला. वेताची मोठी टोपली हारग्रेव्हबाईंकडे नाताळपासून अडकली आहे, ती लेटीने मागून घ्यावी. (समोर साक्षीला बसलेले त्यांचे यजमान हारग्रेव्हसाहेब म्हणाले, “मावशी, टोपली उद्याच पाठवतो, पण हे लिहू नका.” लिहा म्हटले. हे लोक मला मावशी म्हणतात आणि मागच्या दाराने घरात घेतात.)

कलम चार. आता एफ्रेमचे. तो तंबाखूची पिंपे बांधतो. मी मोकळी, तो दुसऱ्याच्या मालकीचा, असे आमचे लग्न झाले. लेटी माझ्या पोटची म्हणून मोकळी. लोकांचे सदरे धुऊन धुऊन माझ्या हातांची सालटी निघाली, तेव्हा कुठे मी एफ्रेमला त्याच्या मालकाकडून विकत घेतले. त्याच दिवशी त्याला मोकळे करणार होते. तेव्हा कळले की व्हर्जिनियात ज्याला मोकळे कराल त्याने वर्षाच्या आत राज्य सोडायचे. राहिला तर पुन्हा धरून विकायचा. म्हणून त्याला घरात ठेवण्यासाठी मी त्याची मालकीण होऊन राहिले. ज्याच्याशी मी रोज भांडते तो माझ्या हंड्याच्या रांगेत बसला. या कायद्याला काय म्हणावे ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही.

आधीच्या कागदात मी लिहिले होते की माझ्यामागे एफ्रेमने ठरवावे: मोकळे होऊन बाहेर जायचे, की लेटीच्या मालकीचे होऊन इथेच राहायचे. अ‍ॅव्हरेटसाहेब म्हणाले, ते कलम टिकणार नाही. वरच्या कोर्टाचा निकाल आहे, गुलामाला इच्छा नसते, त्यामुळे त्याच्यावर निवड सोपवता येत नाही. इच्छा नसते! चाळिशीपासून हा माणूस माझे एक ऐकत नाही. कोर्टाने चार दिवस त्याच्यासोबत राहून बघावे.

कलम पाच. साक्षीदारांविषयी. दोन लागतात, दोघे एकाच वेळी समोर लागतात, आणि आमच्या रंगाची साक्ष कोर्टात कोण धरणार, म्हणून गोरे लागतात. माझे जुने गिऱ्हाईक म्हणजे हे दोघे. अ‍ॅव्हरेटसाहेबांची बायको हारग्रेव्हसाहेबांची सख्खी बहीण. घरे शेजारी शेजारी. पण या देशाला जे झाले ते त्यांच्याही अंगणात झाले. सतरा वर्षांपूर्वी एका बिशपच्या गुलामांवरून आमच्या मेथडिस्ट चर्चचे दोन तुकडे झाले, उत्तरेचे निराळे आणि दक्षिणेचे निराळे. मग पक्ष फुटले. मग रविवारचे एकत्र जेवण बंद झाले. फेब्रुवारीत दोन अंगणांच्या मधे कुंपण आले, आणि दहा दिवसांपूर्वी व्हर्जिनियाच अमेरिकेच्या संघराज्यातून बाहेर पडली. अ‍ॅव्हरेटसाहेबांना संघ हवा, हारग्रेव्हसाहेबांना नको. कोणीही दुसऱ्यासोबत एका खोलीत यायला तयार नव्हते. मी मरायला टेकलेली, आणि यांचा मानापमान!

तेव्हा मी दोघांचे पांढरे सदरे पेटीत घालून कुलूप लावले. उद्या रविवार. हारग्रेव्हसाहेबांचा मुलगा तर पलटणीत चालला आहे, त्याचे सहा सदरे. निरोप धाडला की ज्याला सदरा हवा त्याने शनिवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात यावे. आले. अ‍ॅव्हरेटसाहेब खिडकीकडे तोंड करून बसले, हारग्रेव्हसाहेब चुलीकडे.

“मावशी, त्या गृहस्थांना सांगा, त्यांच्या नादानपणामुळे पोरं मरणार आहेत,” खिडकी म्हणाली.

“मावशी, त्यांना सांगा, स्वतःच्या राज्याशी बेइमानी करणाऱ्याने पोरांची काळजी करू नये,” चूल म्हणाली.

“मी कोणाला काही सांगणार नाही,” मी म्हटले. “मला एवढंच सांगा, एफ्रेमला विचारता येतं की नाही?”

“नाही,” दोघे एकदम म्हणाले. एका सुरात. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा त्यांचे एकमेकांशी पटले. एफ्रेम तिथेच लाकडे घेऊन उभा होता. सगळा देश ज्याच्यावरून फाटला तो माणूस चुलीत लाकूड सारत होता, आणि त्याला विचारायचे नाही यावर दोन्ही बाजूंचे एकमत.

मला इतका संताप आला की पुढचे कलम मी तिथेच बदलले.

कलम सहा. एफ्रेमला लेटीच्या नावावर करावे, असे मी आज सकाळी ठरवले होते. तेच सुरक्षित वाटत होते. पण लेटीचे ते जावयाचे, आणि जावयाचे ते सावकाराचे. शिवाय काल कपडे वाळत घालताना एफ्रेमशी बोलणे झाले होते.

“डॉर्की, मला पोरीच्या नावावर करू नकोस. बापाने लेकीची वस्तू व्हायचं?”

“मोकळा केला तर वर्षात घालवून देतील.”

“वर्ष तर वर्ष.”

“आणि जाशील कुठे? गुडघे बघ तुझे!”

“मग गुडघ्यांनाच विचारतो कुठवर जायचं. पण विचारणार मी.”

मी त्याला गाढव म्हटले. ते शब्द मी परत घेत नाही. बाहेर जा म्हणणारा कायदा तसाच आहे, आणि उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाड्या तर बंद पडल्या म्हणतात. हाकलणारेही तेच आणि दार लावणारेही तेच. त्याने जावे कसे, हे मला कोणी सांगत नाही. तो एकटा कसा राहील या विचाराने माझा जीव तुटतो.

तरीही, माझ्या मरणाच्या घडीपासून माझा नवरा एफ्रेम मोकळा आहे. कोणतीही अट नाही. त्याची पिंपांची हत्यारे त्याचीच आहेत. कलम दोनमधून त्याचे नाव खोडावे. खोडलेले दिसेल असे खोडावे.

कलम सात. सही झाली की सदरे द्यावेत. खळ नेहमीसारखी कडक आहे. दोघांचे सदरे मी कायम एकाच टबात धुतले आणि एकाच दोरीवर वाळवले, हे त्यांना आज कळले तरी चालेल.

वरचे सर्व मला वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे. मला लिहिता येत नाही, म्हणून फुली करते.

डॉर्कस टर्पिन, तिची खूण ×

आम्हा दोघांच्या समक्ष, एकाच वेळी:
टोबायस अ‍ॅव्हरेट
लूशियस हारग्रेव्ह

पीटर्सबर्ग, व्हर्जिनिया. शनिवार, २७ एप्रिल १८६१.

ता. क. खाली एक ओळ कोरी आहे. वकीलसाहेब म्हणतात, कागदावर कोरी जागा सोडू नये, कोणीही वाटेल ते लिहील. असू द्या. पिंपांवर कोरून कोरून एफ्रेमला अक्षर येते. मी गेल्यावर त्याने इथे आपले नाव लिहावे, आडनावासकट. टर्पिन लावायचे की दुसरे काही, ते मी सांगितलेले नाही आणि कोणी सांगूही नये. ते त्याने ठरवायचे आहे.

एफ्रेम ______________________