दुनळीसाठी तीन कोटेशनं

२ फेब्रुवारी २०१४, रविवार

आज बड्या अर्बाबांनी, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकांनी, केबिनमध्ये बोलावलं. आमच्या ऑफिसात केबिनमध्ये बोलावणं म्हणजे एकतर व्हिसा खलास, नाहीतर खजूर. टेबलावर खजूर नव्हते. मी मनातल्या मनात मस्कतमधला दार्सैतचा फ्लॅट रिकामा करून, रेखाची समजूत काढून, सामानासकट रत्नागिरीला पोचलोसुद्धा.

निघालं भलतंच. त्यांचा मुलगा नासर, म्हणजे आमचा छोटा अर्बाब, टेक्सासहून शिकून आलाय. तिथे त्याला एक खेळ लागला. काउबॉयसारखे कपडे करायचे, लोखंडी प्लेटा मांडायच्या आणि घड्याळ लावून त्या गोळ्या घालून पाडायच्या. त्यासाठी पिस्तुलं, रायफल आणि एक दुनळी बंदूक लागते. दोन नळ्या शेजारी शेजारी, जुन्या पद्धतीची. बरका गावच्या त्यांच्या शेतावर तो हा खेळ मांडणार. पोलिसांचे परवाने त्याचे तो बघतोय. फक्त दुनळी कुठली घ्यायची ते ठरायचंय. अर्बाब म्हणाले, दया, तुम परचेस में है, तुम्हारे घर में बंदूक था, तुम सिलेक्ट करो.

घरात बंदूक होती हे मीच कधीतरी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं असणार. खोटं नाही. काकांची ठासणीची होती, बागेतली माकडं हाकलायला. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, आणि आमच्याकडे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कसली ना कसली निवडणूक असतेच. जी काय घरी असताना वाजली, तेव्हा मी माजघरात असायचो. अभ्यास फार असायचा.

नाही म्हणणार होतो. घशातून आवाज निघाला नाही. थोडी सर्दी आहे.

संध्याकाळी घरी सांगितलं. रेखा म्हणाली, अहो, पाल दिसली की तुम्ही स्टुलावर चढता. शिवांगीने मात्र फोनमधून डोकं वर काढलं. म्हणाली, सीरियसली, बाबा? तू रियल गन चूज करणार? आणि माझ्याकडे बघत राहिली. ती अशी माझ्याकडे बघायची ते पहिली-दुसरीत असताना. आता नववीत आहे. गेल्या वर्षी तिच्या मैत्रिणी गाडीत असताना वादी अदाईच्या राउंडअबाउटला मी जरा विचार करत थांबलो, मागून सगळ्या मस्कतने हॉर्न वाजवले, तेव्हापासून ती मैत्रिणींना माझ्या गाडीत बसवत नाही.

आजची ती नजर टिकली पाहिजे. संकल्प: घाबरायचं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

शिवांगीने वर्गात सांगून टाकलं. माय डॅड इज अ गन एक्स्पर्ट. आता माघार नाही.

घाबरण्यासारखं आहेच काय? खरेदी ती खरेदी. पंप घेतो तशी बंदूक घ्यायची. तीन कोटेशनं मागवायची, कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट करायचं, खाली शेरा मारायचा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुनळी बंदुकांची माहिती शोधली. बरीच सापडली. मग लक्षात आलं, की हे सगळं कुठेतरी नोंदलं जात असेल. परदेशात राहतोय आपण. सर्च हिस्टरी पुसली. मग वाटलं, पुसली म्हणजे जास्तच संशय. म्हणून पुन्हा बसून भेंडी, गुडघेदुखी आणि दार्सैतच्या कृष्णमंदिराच्या आरतीची वेळ असं साधं साधं शोधून ठेवलं.

येताना हमरियाच्या गल्लीत समोरून पोलिसांची गाडी. मी शेजारच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने काय हवं विचारलं. पाच किलो लसूण घेऊन घरी आलो.

रेखाने विचारलं, एवढी लसूण? म्हटलं, ब्लड प्रेशरला चांगली असते.

९ फेब्रुवारी, रविवार

अभ्यास पूर्ण. मुद्दे पुढीलप्रमाणे.

या खेळात रिकामी काडतुसं आपोआप बाहेर उडवणारी बंदूक चालत नाही. बंदूक मधून मोडायची, झटका देऊन रिकामी काडतुसं पाडायची, नवी दोन भरायची, आणि हे सगळं पळापळीत. नळ्या आखूड असलेल्या बऱ्या, वळवायला सोप्या जातात.

घोडेवाली घ्यायची की बिनघोड्याची, यावर जाणकारांत वाद आहे. घोडे, म्हणजे नळ्यांमागचे दोन खटके, बाहेर असले की जुनी शान दिसते म्हणे. माझं मत बिनघोड्याची. फोटोत ते दोन घोडे कान टवकारलेल्या कुत्र्यासारखे आपल्याकडे बघतात. शिवाय धूळ बसते. धूळ हा मुद्दा लिहीन.

वजन जास्त असावं. जड बंदूक धक्का कमी देते. आणि माणसाला पटकन उचलता येत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

समोरच्या टेबलावरच्या मुनीरला मुद्दे वाचून दाखवले. मुनीर दापोलीकडचा, सेल्समध्ये आहे, आणि त्याला कुणाचं बरं बघवत नाही. म्हणाला, दया, तू बंदूक निवडतोस का बिनआवाजाचा पंखा? मग म्हणाला, अर्बाबने तुलाच का सांगितलं रे, याचा जरा विचार कर.

केला विचार. अनुभव, तटस्थपणा आणि बंदुकीचा घरचा वारसा. याला जळतात लोक.

१६ फेब्रुवारी, रविवार

मास्टरस्ट्रोक. छोट्या अर्बाबला सांगितलं, की तीन वेगवेगळे नमुने समोर आल्याशिवाय परचेस डिपार्टमेंट शिफारस करत नाही. नियम आहे. तीन दुनळ्या जमवायला त्याला सहा महिने तरी लागतील. तोपर्यंत उन्हाळा येईल, आणि उन्हाळ्यात बरकाच्या शेतावर उंटसुद्धा उभा राहत नाही. पुढे रमजान. पुढे बघू.

आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तीन दुनळ्या जमल्या. एक त्याच्या चुलतभावाची, एक मामाची, एक परवानेवाल्या दुकानदाराकडची. छोट्या अर्बाबने मला मिठीच मारली. म्हणाला, अंकल, यू आर सो प्रोफेशनल. शुक्रवारी अठ्ठावीसला शेतावर सगळे जमायचं. तिन्ही बंदुका तुम्ही स्वतः चालवून बघायच्या. फॅमिली को भी लाओ, बिर्याणी है.

प्रत्येकीला दोन नळ्या. मी तीन बंदुका मागितल्या. एकच मागितली असती तर दोन बारांत सुटलो असतो.

जेवण गेलं नाही. लसूण जास्त झाली होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सराव सुरू. मुद्दा फक्त आवाजाचा आहे. आवाजाला डोळे मिटता कामा नयेत. म्हणून रेखाने कुकर लावला की मी शेगडीसमोर उभा राहतो आणि शिट्टीची वाट बघतो. वाट बघणं फार वाईट. शिट्टी होते तेव्हा होते, पण त्याच्या आधी जे खदखदतं, त्याने हातपाय गार पडतात.

पहिल्या शिट्टीला मागे सरलो. दुसरीला डोळे मिटले. तिसरीला फक्त एक डोळा मिटला. नेम धरताना एक डोळा मिटतातच. प्रगती आहे.

रेखा म्हणाली, अहो, नका ना जाऊ, सरळ सांगा जमत नाही म्हणून. तिला समजावलं, की प्रश्न माझा नाही, कंपनीचा आहे. तेवढ्यात शिवांगी आली. म्हणाली, बाबा, मी व्हिडिओ घेणार, सगळ्यांना दाखवणार. तिने माझा दंड दाबून बघितला. हसत हसत.

रेखाने शेगडी बारीक केली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ताप येतो का बघतोय. येत नाही. आयुष्यभर ज्याला वर्षाला तीन वेळा ताप आला त्याला नेमका आत्ता येत नाही. ऑफिसात एसीखाली ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसलो. मुनीर म्हणाला, हे काय नवस बोललास काय?

भीती नाही. फक्त तळहातांना घाम येतो आणि लिफ्टचं दार बंद झालं की दचकायला होतं. कॅल्शियम कमी असेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सुचलं! शिफारस आधीच देऊन टाकायची. एकदा सही झाली, की टेस्टिंगचं कारणच उरत नाही. सकाळी दार लावून बसलो आणि कंपॅरेटिव्ह पूर्ण केलं. दुकानदाराकडची, बिनघोड्याची, जड. शेरा: तांत्रिकदृष्ट्या योग्य, ताबडतोब घ्यावी. माझ्या हाताने ‘ताबडतोब’ हा शब्द प्रथमच लिहिला गेला. बरं वाटलं.

छोटा अर्बाब तर नाचलाच. यल्ला अंकल, खलास! दुपारी जाऊन बंदूक घेऊनही आला.

मी सुटलो. हुश्श.

दुपारी, थोड्या वेळाने. सुटलो नाही. छोटा अर्बाब पुन्हा आला होता. आता शुक्रवारी टेस्टिंग नाही, उद्घाटन. बंदूक अंकलनी निवडली, पहिला बार अंकलच काढणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

विम्याची कागदपत्रं रेखाला दाखवून ठेवली. सहज.

१ मार्च, शनिवार

कालचं शांतपणे लिहून ठेवतो, म्हणजे गैरसमज राहणार नाहीत.

आम्ही वेळेवर पोचलो. खजुराची झाडं, चटया, कावा म्हणजे इथली कॉफी, सगळं छान. छोटा अर्बाब दिशदाशाच्या लांब झग्यावर काउबॉयची टोपी घालून. समोर लोखंडी प्लेटा. बडे अर्बाबही आले होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काहीतरी विकून खाल्लंय. मुनीर बिर्याणीच्या जवळ. शिवांगी फोन धरून तयार. तिने तिचा नवा ड्रेस घातला होता.

छोट्या अर्बाबने मला उभं केलं. इथे धरायचं, इथे टेकवायचं, असं दाखवायला लागला. मी ऐकत होतो. पाय थरथरत नव्हते, वाळू सरकत होती. त्याने बंदूक मोडून दाखवली आणि मग झटक्यात बंद केली. खट्ट.

मी आडवा झालो. पोटावर, दोन्ही हात कानांवर. तोंडातून ‘आई गं’ गेलं असावं, जरा मोठ्याने.

बंदूक रिकामी होती. काडतुसं अजून डब्यातच होती.

झोपून नेम धरायची एक मान्य पद्धत आहे, तसं मी उठताना सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शिवांगीचा फोन खाली आला होता. ती प्लेटांकडे बघत होती.

बड्या अर्बाबांनी स्वतः हात देऊन उठवलं आणि झाडांपाशी नेलं. कपडे झटकले माझे. मग हळूच म्हणाले, दया, सोला साल में तुमने एक पंप चार महीने से पहले नहीं खरीदा. इसलिए ये काम तुमको दिया. मैं सोचा, बंदूक दया के पास है, तो लड़के का शादी हो जाएगा, बच्चा हो जाएगा, बंदूक नहीं आएगा. और तुम, हबीबी, चौबीस दिन में?

ते म्हणाले, ये लड़का वापस आया तब से मेरा दिल ऐसा ऐसा करता है. आणि त्यांनी छातीवर मूठ उघडमीट करून दाखवली. एकुलता एक आहे तो.

तिकडे छोट्या अर्बाबने काडतुसं भरली. बड्या अर्बाबांनी माझा हात धरला. पहिला बार झाला, मग लगेच दुसरा. प्लेट पडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हात मोकळे नव्हते. म्हातारा माणूस, फार घाबरला होता. मी धीर देत होतो.

गाडीत रेखाने माझ्या शर्टाच्या कॉलरमधली वाळू काढली.

२ मार्च, रविवार

ऑफिसात सगळं नेहमीसारखं. बंदुकीची फाईल बंद केली.

शिवांगी शाळेतून आली. तिने व्हिडिओ पुसून टाकलाय. मी सांगितलं नव्हतं. मैत्रिणींनी विचारलं का, असं सहज विचारलं. हो म्हणाली. मग काय सांगितलंस? बुटाची लेस सोडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, सांगितलं, की बाबाला फीवर होता, आम्ही गेलोच नाही.

ती आत गेल्यावर कपाळाला हात लावून पाहिला. थोडा होताच.