फ्रीजमधला हॉट डॉग

माय, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. आज मॉलमधल्या मोठ्या फ्रीजपुढे उभी होते. नुसतं गरम करून खायचं जेवण लोक न विचारता उचलत होते, आणि मला हसू आलं. नव्वदच्या दशकात असं एक पाकीट विकायला माझी जीभ झिजायची.

पर्वत पाटियाजवळच्या आपल्या खोलीत तू कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या आपल्या गावकऱ्यांना जेवू घालायचीस. सकाळची भाकरी संध्याकाळच्या ताटात तू कधी वाढली नाहीस. आणि तुझी लेक दुकानात टेबल मांडून एका कंपनीची हॉट डॉगची थंड पाकिटं विकत होती. आत लांबट पाव, बटाटा-वाटाण्याचा रोल आणि चटणीची पुडी. मी तव्यावर शेकून तुकडे चाखायला द्यायचे. बायका 'सारुं छे', चांगलं आहे, म्हणायच्या आणि पाकीट तिथेच ठेवून जायच्या. त्याचं मला फारसं वाटायचं नाही. मला तुझ्या तोंडून एकदा 'चांगलं' ऐकायचं होतं, आणि तू तर पाकिटाला बोटही लावत नव्हतीस.

मग विकली गेलेली थोडीफार पाकिटंही परत येऊ लागली. तारीख उलटलेली नाही, तरी आंबलेली. एक मी घरी आणलं. तू भाकरी थापत होतीस. पिठाच्या हातानेच ते नाकाशी नेलंस.

"हाई लोकेसले खावाडस तू?"

मी रडले, कंपनीच्या नावाने बोटं मोडली. तू पुढची भाकरी तव्यावर टाकत म्हणालीस, "त्या दुकाननं दूध बी रोज फाटस. रातले फ्रीज बंद करस तो."

दुसऱ्या दिवशी दुकानदार काकांना विचारलं, तर त्यांना काही वावगंच वाटेना. "दुकान बंध होय तो फ्रीज शेना माटे चालु राखुं?" दिवा, पंखा, फ्रीज, सगळं एका दमात बंद करून ते घरी जायचे. बाकीचे दुकानदारही तसेच. मी समजावलं, चिठ्ठ्या चिकटवल्या, कुणी ढिम्म हललं नाही. तेव्हा तू देवाजवळचा लाल दोरा माझ्या हातात ठेवलास.

"बटनवर बांध. पूजाना दोरा कोनी तोडत नही."

मी प्रत्येक फ्रीजला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि बटणावरून दोरा आडवा बांधला. काकांनी हात जोडले. त्यानंतर त्या बटणाला कुणाची हात लावायची छाती झाली नाही. पाकिटं आंबायची थांबली, बायका दुसऱ्यांदा मागायला येऊ लागल्या. कंपनीच्या साहेबांनी ही युक्ती कुणाची म्हणून विचारलं, तेव्हा मी अभिमानाने तुझंच नाव सांगितलं.

मग लूमच्या सुट्टीच्या दिवशी, जेवायला कुणी येणार नव्हतं, तेव्हा मी तुला तुपात शेकून एक वाढला. तू आधी वास घेतलास, मग इवलासा घास.

"ताजं शे. आजनंच शे ना?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. तू सगळा संपवलास, बोटं पुसलीस आणि म्हणालीस, "चांगलं शे. आखो एक दे." त्या दिवशी मी हवेत होते. शेजारणीलाही तू सांगितलंस, लेक चांगलं विकते. इतक्या वर्षांत मला याहून मोठं बक्षीस मिळालेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. माय, ते पाकीट सहा दिवसांचं होतं. दुसरंही.