आईच्या गुंतवळातून मिळालेली अक्का

मी, भार्गवी बसवंत हलगेकर, वय सव्वीस, राहणार पीण्या, बंगळूरु, इलेक्ट्रॉनिक सिटीतील एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासनीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, ठणठणीत प्रकृतीत आणि फार आनंदात लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्या "हे कसलं अभद्र" म्हणून माझ्यावर रुसल्या आहेत. वकील क्षमाताई म्हणाल्या, अर्ध्या घराचं बक्षीसपत्र नोंदवायचं तर कागद जमवण्यात काही महिने जातील. मला तेवढा धीर नाही. शिवाय मी रोज बसने त्या लांबलचक उड्डाणपुलावरून जाते. म्हणून तोवर हे.

१. हे घर माझ्या आईचं, शालन हिचं. कारखान्यांतल्या कामगारांना भाकरी-भाजी खाऊ घालून तिने ते बांधलं. मागच्या वर्षी ती गेली. तिच्या मृत्युपत्रात होतं, "माझी एकुलती एक मुलगी भार्गवी हिला माझे घर मिळावे." हे वाक्य खरं नव्हतं, पण आईला ते ठाऊक नव्हतं. तेच मी इथे दुरुस्त करत आहे.

२. आई गेल्यावर काही महिन्यांनी एक बाई दारात आली. हातात मोगऱ्याचा गजरा, सोबत दहा वर्षांची मुलगी. म्हणाली, "मी प्रियदर्शनी. बैलहोंगलहून आले. शालनबाईंची मुलगी मी." मला वाटलं, घर चुकली. बाबा आतून आले आणि त्यांनी तिला घरात घेतलं. मग त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. बाबांशी लग्न होण्याआधी आईचं एक लग्न झालं होतं. नवरा अपघातात गेला. सासरच्यांनी तान्ही मुलगी ठेवून घेतली आणि आईला माहेरी धाडलं. वर्षभराने निरोप आला की मुलगी तापाने वारली. तो निरोप खोटा होता. आई कुठे आहे हे प्रियदर्शनीला, म्हणजे माझ्या अक्काला, कळलं तेही एका भांडणात, चुलती ओरडली, "जा की तुझ्या आईकडे, बंगळुरात भाकऱ्या थापते ती!" अक्का निघाली, पण तोवर उशीर झाला होता.

३. खानापूरचे माझे मामा, प्रतापराव, यांनी तिला खोटी ठरवलं. "मेलेलं पोर परत येतं होय? घर बघून आली ती." अक्का म्हणाली, "घर बेड मला, नकोच. आईचा एक फोटो द्या, स्वल्प मोठा." मामांनी फोटोही देऊ दिला नाही. त्या दिवशी मी ठरवलं की हे वादाने सुटणार नाही, तपासणीने सुटेल. घरातली पहिली पदवीधर मी, तीही जैवतंत्रज्ञानाची. एवढं मला यायलाच हवं.

४. अक्काचा आणि माझा नमुना देणं सोपं होतं, गालाच्या आतून कापूस फिरवला की झालं. पण दोघींचं आईकडचं मूळ एक निघालं तरी मामा म्हणाले असते, असेल कुठली तरी मावसबहीण. नक्की ठरायला आईचाच नमुना हवा, आणि आईची तर राख झालेली. तेव्हा दारामागची पिशवी आठवली. केसांवर भांडी देणारी बाई आमच्या गल्लीत येते. तिच्यासाठी आई रोजचं गुंतवळ साठवायची. एक मोठा डबा घ्यायचा होता तिला. कापलेल्या केसाला मूळ नसतं. विंचरताना ओढून आलेल्या एखाद्या केसाला असतं, आणि त्या मुळात आई-मुलीचं नातं सिद्ध करण्याइतका मजकूर मिळू शकतो. मी त्यातले चांगले मुळांचे केस निवडून मल्लेश्वरमच्या एका प्रयोगशाळेत दिले.

५. अहवाल आला. प्रयोगशाळेतल्या नीलिमा केतकर यांनी फोन केला. "अगं भार्गवी, यू वोंट बिलीव्ह, हे सॅम्पल तुझंच आहे!" आमच्या घरात फणी एकच. आई तिने विंचरायची, मीही तिनेच, आणि दोघींचे केस एकाच पिशवीत. हे मला पदवी असून सुचलं नाही. मामा पोट धरून हसले. "म्हणजे तूच तुझी आई की! शाबास, शिकलीस खरी!" हा टोमणा मी मनात ठेवला आहे आणि इथे नोंदवून तो कायमचा सोडून देत आहे.

६. रडून झाल्यावर मी पिशवी उन्हात पालथी केली आणि मग दिसलं! काही केस लालसर चमकत होते. आई दर महिन्याला केसांना मेंदी लावायची, मी कधीच लावली नाही. नीलिमाताई म्हणाल्या, मेंदीने काम अवघड होतं, बरेच केस वाया जातील, पण ट्राय करू. गेल्या मंगळवारी त्यांचा फोन आला. त्या केसांची बाई माझी आई आहे आणि प्रियदर्शनीचीही आई आहे. मी कंपनीच्या जिन्यात उभी राहून एवढ्या मोठ्याने ओरडले की काय झालं म्हणून सुरक्षारक्षक धावत आला, "एनायतु मॅडम?" मी त्याला मराठीतच सांगितलं, "मला बहीण झाली!"

७. सबब, माझ्या मागे घराचा निम्मा हिस्सा माझी सख्खी बहीण प्रियदर्शनी हिचा. सावत्र हा शब्द कोणत्याही कागदावर येऊ नये. उरलेला निम्मा बाबांचा. दोन्ही खोल्यांत बाबांना तहहयात राहण्याचा हक्क राहील. बाबांनी अक्काला पहिल्याच दिवशी घरात घेतलं, हे नमूद करते.

८. माझी बचत आणि भविष्यनिर्वाह निधी अक्काची मुलगी सिद्धी हिच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावं ते तिने ठरवावं. पदवीआधी कोणी तिच्या लग्नाचा विषय काढू नये.

९. आईची काटवट आणि मोठा तवा अक्काला. तिच्या भाकरीला आईच्या भाकरीसारखाच पापुद्रा सुटतो. हे कोणत्याही अहवालात नाही, पण मी खाल्ली आहे.

१०. माझे डोळे दान करावेत. माझ्यामागे अक्काकडे किंवा सिद्धीकडे कोणीही पुन्हा केस, रक्त किंवा लाळ मागू नये. एकदा पुरावा झाला. तो द्यावा लागला याचंच मला वाईट वाटतं.

११. दुसरा साक्षीदार म्हणून मी मामांना बोलावलं आहे. अहवाल वाचून ते न जेवता खानापूरला परत गेले. बाबा सांगतात, त्या वेळी निरोप खरा की खोटा हे बघायला मामांनी बैलहोंगलला जायचं होतं आणि ते गेले नव्हते. अक्काला घर नको, पैसा नको. मामांनी आपलं म्हणावं एवढंच हवंय. ते सही करायला येतील का, मला माहीत नाही. त्यांचं नाव आणि नातं मी छापून जागा ठेवली आहे.

वरील सर्व वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमोर मी सही करत आहे.

भार्गवी बसवंत हलगेकर
स्थळ: पीण्या, बंगळूरु
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

साक्षीदार:

नीलिमा केतकर, मल्लेश्वरम. नाते: मैत्रीण. (सही)

प्रतापराव देसाई, खानापूर. नाते: भार्गवीचे मामा. (सही)

दुरुस्ती: वरील ओळीतील "भार्गवीचे मामा" हे छापील शब्द साक्षीदाराने स्वतःच्या पेनाने खोडले असून शेजारी "दोघींचा मामा" असे लिहिले आहे. दुरुस्ती मला मान्य आहे. भा. ब. ह.