माझ्या नावाच्या चार ओळी

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९१, परभणी

आज डोकं ठिकाणावर न्हाई. बियाणं घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या यादीतून दोनदा आलेली नावं काढायला मला पंधरा दिवस लागतात. बोरीच्या कांबळ्यांची रत्ना, ऑफिसात येऊन जेमतेम तीन महिने झालेली, तिनं नव्या युनिक्स कॉम्प्युटरवर तेच काम हुकमांच्या चार ओळी लिहून केलं. फक्त चार ओळी.

सकाळी तिला जमत नव्हतं. काढलेली नावं पुन्हा दिसायलीत म्हणत बसली होती. मीच वैतागून म्हणालो, "अगं, आधी सगळी अक्षरक्रमानं लाव. सारखी नावं शेजारी आली की एक ठेव, बाकी काढ." वीस वर्षं मी तसंच करतो. तिनं एक ओळ बदलली अन् यादी साफ. साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवली. माझा लय जळफळाट झाला. कशाला सांगितलं मी?

वर ती साहेबांना म्हणते, "रीत देशमुखकाकांची हाय. म्हणून ह्या चार ओळींच्या फाइलला त्यांचंच नाव दिलंय. ते टाइप केलं की ओळी आपोआप चालतात." सगळे हसले. मीही हसलो.

चार ओळी. आता कुणीही माझं नाव टाइप करायचं, की माझं काम होतं. मी खुर्चीत असलो काय अन् नसलो काय.